शंभर तालुक्यांचे सर

माझे वडील भिंती रंगवायचे. घराच्या नाही, निवडणुकीच्या. वर उमेदवाराचं नाव, मध्ये निशाणी, खाली ‘प्रचंड बहुमताने विजयी करा’. नाना चौथीपर्यंत शिकलेले. पण कानडी म्हणा, उर्दू म्हणा, इंग्रजी म्हणा, कागदावर लिहून दिलं की माणसाच्या उंचीची अक्षरं भिंतीवर हुबेहूब उतरवायचे. काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नसायचं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. “वाचणारे वाचतील,” म्हणायचे. बार्शीत निवडणूक लागली की आमच्या घरी दोन महिने दोन्ही वेळेला भाजी असायची.

मग फ्लेक्स आला आणि नानांचा धंदा एका निवडणुकीत बसला. काही दिवस त्यांनी गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवल्या, मग त्याही मशीनवर निघायला लागल्या. शेवटी एका हार्डवेअरच्या दुकानात ते सिमेंटची पोती उचलायला लागले. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. उरली तर डब्यातून घरी यायची. ज्या दिवशी डबा रिकामा यायचा, त्या दिवशी आई सांगायची, “आज पोरं पोटभर जेवली,” आणि आम्ही तिघं भावंडं एकमेकांकडे बघत बसायचो.

मी त्यातली हुशार. म्हणजे माझं पाठांतर चांगलं. गाईड एकदा वाचलं की पानाच्या कोणत्या कोपऱ्यात काय आहे ते डोळे मिटून सांगायचे. बारावी कॉमर्सला मी केंद्रात दुसरी आले. त्या वर्षांत ज्याला त्याला ऑस्ट्रेलियाच दिसत होतं. सोलापुरात एका जिन्यावर तीन-तीन एजंट बसलेले असायचे. मामाने त्यातल्या एकाकडे मला नेलं, आपली जागा बँकेला लिहून दिली आणि मला सिडनीच्या विमानात बसवलं. आमच्याकडे तोवर कोणी कॉलेज पूर्ण केलेलं नव्हतं. मी पहिली असणार होते. निघताना आईने एवढंच सांगितलं, “पूर्ण करून ये.”

सिडनीत हॅरिस पार्कमध्ये मी ज्यांच्या घरी राहिले ते सर मूळचे वसईचे. मराठी शाळेत तीस वर्षं गणित आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मुलगी नर्स, तिने आईवडिलांना इकडे आणलं, स्वतः लग्न करून पर्थला गेली, आणि हे दोघं मागच्या दोन खोल्या विद्यार्थिनींना देऊन राहत होते. सरांच्या पत्नीला सगळे आँटी म्हणायचे. मी पहिल्या दिवशी सरांना अंकल म्हटलं तर त्यांनी लक्षच दिलं नाही. आँटी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अंकल म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही गं. सर म्हण.”

“सर, खोली बघायला आलेय.”

“खोली नंतर,” सर म्हणाले. “इथून स्टेशनपर्यंत किती पावलं?”

मला वाटलं वसईकडच्या बोलीत ह्याचा काही वेगळा अर्थ असेल. मी म्हटलं, “मोजली नाहीत सर.”

“मोजली नाहीत म्हणूनच विचारतोय. मोजल्यावर काय विचारायचं?”

मी पाचशे म्हटलं. त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली, त्यावर पाचशे लिहून सही करायला लावली आणि मला सामानासकट स्टेशनवर पाठवलं. सामान घरी ठेवून जा म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण ते त्यांना सुचलं नाही. परत आले आणि आकडा सांगितला, तो हजाराच्या जवळ होता. सरांनी माझ्या चिठ्ठीवर लाल शाईने ‘चूक’ लिहिलं आणि ती फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाने लावली. मग किल्ली दिली.

त्या फ्रीजचं दार कधी रिकामं दिसलं नाही. ‘आँटीची बस ५.४० ला येईल’, चूक. ‘आज चर्चमध्ये मिस्साला दोनशे माणसं’, चूक. ‘स्नेहल या आठवड्यात भांडी घासेल’, चूक. बरोबर आलेली चिठ्ठी मात्र सर चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. मी विचारलं तर म्हणाले, “बरोबर आलं त्यातून काय शिकणार, बाय?” मला आणि स्नेहलला ते बायच म्हणायचे.

स्नेहल म्हणजे दुसऱ्या खोलीतली. नाशिकची, कुकरीच्या कोर्सला होती. घरी वडिलांची इंजिनियरिंग फर्म, पण पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, कुकरीवर मिळते म्हणून ही इथे कांदे चिरत होती. तिला सरांची अजिबात भीती नव्हती. “सर, तुमच्या फ्रीजवर जागा नाही उरली. आता ओव्हनवर लावा,” म्हणायची.

सरांचा पोशाख ठरलेला. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि खाली खाकी हाफपँट. खिशात चार रंगांचं एकच जाड पेन. पेन्सिल आणि खोडरबर यांना घरात बंदी. “खोडलं की चूक पळून जाते,” म्हणायचे. आँटी किराणा सामानाची यादी पेन्सिलने करायच्या, तीही पिठाच्या डब्याआड लपून.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सरांच्या बैठकीच्या खोलीत येशूच्या तसबिरीशेजारी एक नकाशा होता. ड्रॉइंग पेपरवर हाताने काढलेला, शंभर तुकड्यांचा, प्रत्येक तुकडा पेनाच्या रंगाने भरलेला. मला आधी वाटलं वसई असेल. तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलिना या राज्याचा नकाशा होता, आणि शहात्तर सालच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत त्या राज्याच्या कोणत्या तालुक्याने कोणाला मत दिलं ते त्यावर रंगवलेलं होतं. तिकडे त्याला काऊंटी म्हणतात. सर तालुका म्हणायचे. पक्षांची नावंही ते घेत नसत. आपल्याकडच्यासारखं निशाणीवरून बोलायचे: गाढव आणि हत्ती. शहात्तर साली ते राज्य गाढवाकडे गेलं होतं. त्यानंतर प्रत्येक वेळी हत्तीकडे.

सर अमेरिकेला कधी गेलेले नव्हते. तिथे त्यांचं कोणी नव्हतं. वसईला असताना चर्चमध्ये परदेशातून जुन्या कपड्यांची खोकी यायची. त्यातल्या एका खोक्याच्या तळाशी कव्हर फाटलेलं एक जाडजूड पुस्तक निघालं. जगभरचे आकडे, बारीक टाइपात, आणि त्यात प्रत्येक राज्याच्या प्रत्येक तालुक्याची मतं. फादर ते रद्दीत देणार होते, ते सरांनी मागून घेतलं.

“पण हेच राज्य का सर?” मी विचारलं होतं.

“तालुके बरोबर शंभर. टक्केवारीला सोयीचं,” सर म्हणाले. मग म्हणाले, “आणि ह्याचं गाईड निघालेलं नाही.”

ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांच्या शाळेत पोरं गणितंसुद्धा पाठ करून यायची. सर आकडे बदलायचे, तर पोरं बदललेले आकडेही दुसऱ्या तुकडीकडून पाठ करून यायची. शेवटी सरांनी फळ्यावर नॉर्थ कॅरोलिना आणलं. वसईतल्या नववीच्या वर्गाला ह्या दहा तालुक्यांवरून त्या नव्वद तालुक्यांचा अंदाज करा, असे प्रश्न पडायला लागले. पालक हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तरांनी सरांना बोलावून विचारलं की हे सिलॅबसमध्ये कुठे आहे. सर म्हणाले, नाही, म्हणूनच घेतलंय. आँटी हे सांगताना हसून हसून डोळे पुसायच्या. “बढती गेली ह्यांची त्यात. पण नकाशा नाही उतरवला.”

बोलण्यातही ते तालुके सतत यायचे. ॲव्हरी नावाचा एक डोंगराळ तालुका आहे. राज्य गाढवाकडे गेलं तेव्हाही तो हत्तीकडेच होता. हट्टी माणसाला सर ॲव्हरी म्हणायचे. कोपऱ्यावरचा वाणी भाव कमी करत नसला तर तो ॲव्हरी. आँटी तर कायमच्या ॲव्हरी. आँटी म्हणायच्या, “आणि तुम्ही कोण मास्तर? तिथल्या मतदार यादीत नाव नसलेला माणूस.” ऑस्ट्रेलियाच्या निवडणुकीचं सरांना फारसं कौतुक नव्हतं. मत देऊन यायचे, शाळेच्या आवारात मिळणारं सॉसेज खायचे आणि म्हणायचे, “इथे मत द्यायची सक्ती. कोण येईल, कोण घरी बसेल, हा अर्धा प्रश्न सरकारनेच सोडवून टाकला. मजा काय राहिली?”

सर स्वतः कोणत्या बाजूचे होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सर जाऊन आता काही वर्षं झाली. आता विचारायचीही सोय नाही.

त्या घरात राहून माझं वर्ष झालं तेव्हा मी स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा नापास झालेली होते. हे घरात कोणाला माहीत नव्हतं. बार्शीला तर नव्हतंच. फोनवर मी सांगायचे, “चांगलं चाललंय.”

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलं होतं. नोट्समधली सगळी सोडवलेली उदाहरणं मला तोंडपाठ होती, स्वल्पविरामासकट. पेपरात प्रश्न आला त्याची सुरुवात नोट्समधल्या उदाहरणासारखीच होती. मी खाली वाचलं नाही. जे पाठ होतं ते सुंदर अक्षरात उतरवून आले. नंतर युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, तो पेपर बघायला मिळाला. प्रश्न दवाखान्यात पेशंट किती वेळ थांबतात त्यावर होता. मी उत्तर विजेच्या बल्बच्या आयुष्यावर लिहिलं होतं. समासात ट्यूटरने लिहिलं होतं, ‘हे बल्ब कुठून आले?’

दुसऱ्यांदा मी दुप्पट पाठ केलं. तरी नापास. मग युनीचं पत्र आलं. भेटीला बोलावलं. समोरच्या बाई अगदी गोड बोलत होत्या. तिसऱ्यांदा हाच विषय राहिला तर कोर्समधून नाव काढावं लागेल, आणि मग व्हिसाचं खातं त्याची दखल घेईल, असं त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी “नो वरीज” म्हणाल्या. मी बाहेर येऊन बाकावर बसले. मला दिसत होता तो मामाचा चेहरा.

सरांना हे कळलं ते माझ्या पाठांतरामुळे. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचा गोल फिरणारा खांब होता. त्याच्याभोवती फेऱ्या मारत मी मोठ्याने पाठ करत असे. एका रविवारी सर मिस्साहून आले आणि दारात उभं राहून ऐकायला लागले.

“बाय, बल्ब किती घेतले?”

“चाळीस, सर.”

“आणि पन्नास घेतले असते तर?”

मी थांबले. मनात पानं उलटली. “पन्नासचं नोट्समध्ये नाहीये सर.”

सर पायरीवर बसले आणि मलाही बस म्हणाले. मग मी सगळं सांगून टाकलं. दोनदा नापास, पत्र, व्हिसा.  आँटी आतून आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

“पेपर कधी आहे?” सरांनी विचारलं.

“नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.”

सर एकदम ताठ झाले. “त्याच आठवड्यात अमेरिकेत मतदान आहे.”

“मास्तर,” आँटी म्हणाल्या, “पोरीचं काय चाललंय, तुमचं काय चाललंय.”

“दोन्ही एकच आहे,” सर म्हणाले. “वही आण. नोट्स आणू नको.”

सरांनी स्टॅटिस्टिक्स कॉलेजात शिकलेलं नव्हतं. सूत्रांची इंग्रजी नावं मी सांगायचे, ते डोकं हलवायचे आणि म्हणायचे, “अस्सं, ह्याला असं म्हणतात होय.” पण ते काय असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शंभर तालुक्यांची नावं लिहिलेल्या शंभर चिठ्ठ्या एका बिस्किटांच्या डब्यात असायच्या. त्यातल्या दहा मी डोळे मिटून काढायच्या. शहात्तर सालचे त्या दहा तालुक्यांचे आकडे पुस्तकातून घ्यायचे आणि राज्याचा अंदाज करायचा. आधी नुसत्या डोळ्याने, चिठ्ठीवर सही करून. मग गणिताने. मग खरा आकडा. पुन्हा दहा चिठ्ठ्या, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं आणि मी हैराण व्हायचे.

“सर, उत्तर एक काय ते सांगा ना.”

“राज्याचं उत्तर एकच आहे. तुझे दहा तालुके दर वेळी वेगळे आहेत. तू किती हलतेस ते बघ.”

माझ्या चुकांनी फ्रीज भरला. स्नेहलने तर तक्रार केली, “दूध कुठून काढायचं?” चौथ्या-पाचव्या आठवड्यात एकदा रोबसन, पास्क्वोटँक असे पूर्वेकडचेच तालुके जास्त निघाले. मी गणित करायच्या आधीच म्हटलं, “सर, हे गाढवाकडे झुकणार. पण ह्यावर विश्वास नाही ठेवायचा, एकाच अंगाचे निघालेत.” सरांनी पेन खाली ठेवलं. माझ्या तोंडून पाठ न केलेलं वाक्य निघालं होतं. मला ते आधी त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

हे सोपं गेलं असं नाही. मधेच मी वैतागून गुपचूप नोट्स काढून पाठ करायला लागायचे, कारण पाठांतरात मला सुरक्षित वाटायचं. सर अंगणातून ओरडायचे, “बल्ब बंद कर.”

मतदान मंगळवारी होतं, तिकडच्या मंगळवारी. आमच्याकडे निकाल बुधवारी दुपारी यायला लागले. माझा पेपर शुक्रवारी सकाळी. मी म्हटलं मला अभ्यास आहे. सर म्हणाले, हाच अभ्यास. चार दिवस आधी त्यांनी स्वतःची चिठ्ठी लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकली होती: ‘गाढव परत येणार नाही.’ बत्तीस वर्षं जे राज्य हललं नाही ते आता काय हलणार, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्यासाठी त्यांनी दहा चिठ्ठ्या सकाळीच काढून ठेवल्या होत्या.

टीव्ही लावलेला, माझा लॅपटॉप टेबलावर. तीनच्या सुमारास अख्ख्या देशाचा निकाल लागला, गाढव जिंकलं. रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवला. स्नेहल कॉलेजमधून आली तीच नाचत. आँटींनी क्रूसाची खूण केली. सर म्हणाले, “ते झालं. आपल्या राज्याचं काय?”

आपल्या राज्याचं काहीच ठरलं नव्हतं. बाकीची राज्यं एकेक करून रंगली आणि हे तसंच राहिलं. आधी टाकलेल्या मतांमध्ये एक पुढे, त्या दिवशीच्या मतांमध्ये दुसरा पुढे, आणि दोघांमधलं अंतर कमी होत होतं. सरांनी चहा घेतला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या दहाही तालुक्यांची मोजणी आली.

“कर,” सर म्हणाले.

मी गणित मांडलं. सरासरी काढली, ती किती हलू शकते ते काढलं. पुन्हा तपासलं. हत्ती जरासा पुढे येत होता, पण त्या जराशापेक्षा माझं हलणं कितीतरी मोठं होतं. माझा हात कागदावर थांबला. आतापर्यंत मी केलेल्या प्रत्येक उदाहरणाला शेवटी ठाम उत्तर असायचं.

स्नेहल मागून वाकून बघत होती. “टाक ना काहीतरी. दोनच तर आहेत. अर्धे मार्क तसेही मिळतील.”

“गप गं,” आँटी म्हणाल्या.

मी म्हटलं, “सर, ह्यावरून सांगता येत नाही.”

“नक्की?”

“एवढ्या आकड्यांवरून नाही सांगता येत. जास्त तालुके लागतील.”

सरांनी पेन उचललं. मला वाटलं आता ‘चूक’ लिहितील. ते म्हणाले, “तीस वर्षांत मला हे एकाही पोराने सांगितलं नाही. सगळे काहीतरी टाकायचे.” आणि उठून, गार झालेला चहा पिऊन टाकला.

शुक्रवारी पेपरात शेवटचा प्रश्न मोठा होता, वीस मार्कांचा. एका गोदामात कामगारांना नव्या पद्धतीचं शिक्षण दिलं, त्याने कामाला लागणारा वेळ कमी झाला का? बारा कामगारांचे आकडे. मी प्रश्न शेवटपर्यंत वाचला. दोनदा वाचला. गणित केलं. वेळ थोडा कमी झालेला दिसत होता, पण बारा माणसांचं हलणं त्याहून मोठं होतं. नोट्समधल्या प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी ‘फरक सिद्ध होतो’ असं होतं, आणि ते वाक्य माझ्या हाताशी तयार होतं.  इथे चुकले तर बार्शी. मी तिसऱ्यांदा गणित तपासलं आणि लिहिलं: ह्या आकड्यांवरून फरक सिद्ध होत नाही, जास्त कामगारांची माहिती लागेल. खाली का ते चार ओळींत लिहिलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत. ती चार वाक्यं मी कुठून पाठ केलेली नव्हती.

घरी आले तर सर फ्रीजपाशी उभे होते. राज्याचा निकाल लागला होता. अगदी थोडक्या मतांनी, पण गाढव परत आलं होतं. सर स्वतःच्या चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलेलं ‘चूक’ पुन्हा गिरवत होते, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात. इतका खूश माणूस मी क्वचित पाहिलाय. आँटी म्हणाल्या, “सकाळपासून तीन वेळा काढून पुन्हा लावली.”

पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. चिठ्ठी पुढे केली. “किती मार्क? अंदाज आधी.”

मी विचार केला आणि लिहिलं, ‘४६ ते ६०’. सही केली.

सरांनी वाचलं. “एक आकडा नाही लिहिलास.”

“एक आकडा सांगता येणार नाही सर. पासाला पन्नास लागतात. पन्नास त्यात आहे, पण त्याच्या खालचेही आहेत.”

सर म्हणाले, “आता तुला कळलं.” आणि चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकली.

पुढचे तीन आठवडे मी नीट झोपले नाही, हे खरं सांगते. एका सकाळी निकाल ऑनलाइन आला तेव्हा मी स्नेहलला म्हटलं, तू उघड. तिने उघडलं, वाचलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सत्तावन्न. मी खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले.   आँटींनी मला गोड शिरा करून घातला. तो जरा करपला होता, कारण त्या रडत होत्या.

सरांनी डबा उघडला, माझी चिठ्ठी काढली, वाचली. “बरोबर,” म्हणाले, चुरगळली आणि कचऱ्यात टाकली. मला ती ठेवायची होती. मी म्हटलंसुद्धा. सर म्हणाले, “कशाला? हे तर तुला आता येतं.”

मग मी बार्शीला फोन केला. दोनदा नापास झाले होते हेही त्याच फोनमध्ये सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आता पास झालीस ना?” मी हो म्हटलं. “मग मागचं कशाला सांगतेस,” म्हणाली, आणि नानांना फोन दिला. नानांनी विचारलं, “किती?” मी सत्तावन्न म्हटलं. बारावीला मला ऐंशीच्या वर होते, त्यामुळे नाना जरा घोटाळले. मी सांगितलं, “हे सत्तावन्न माझे आहेत.” ते म्हणाले, “बरं बरं.”

त्यानंतर मी एकाही विषयात नापास झाले नाही. दीड वर्षाने पदवीदान झालं. आईनाना येऊ शकले नाहीत. माझ्या दोन पासांवर सर आणि आँटी आले. सर हाफपँट सोडून फुलपँट घालून आले होते आणि सभागृहात किती गाऊन आहेत याचा अंदाज करत बसले होते.

मी बॅचलर ऑफ कॉमर्स झाले. आमच्या घरात, आईच्या बाजूने आणि नानांच्या बाजूने, कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.